चौरंगाची फळी

भिंगारच्या घरामागच्या शेडमधला लाकूड कापायचा माझा जुना टेबल सॉ चालू केला की थरथरायचा आणि काप वाकडा जायचा. बायकोला देवघरासाठी चौरंग करून द्यायचा होता, म्हणून नवं मशीन घ्यायचं ठरवलं. दुकानदार मऊ प्लाय कापून दाखवतात आणि आपल्याला गंडवतात, हा माझा ठाम समज. म्हणून चौरंगासाठी ठेवलेली सागवानी फळीच काखोटीला मारून मी नगरची दुकानं पालथी घातली, संगमनेरलाही गेलो. एक म्हणाला, मोटर मोठी बघा. दुसरा म्हणाला, मोटरीचं काय घेऊन बसलात, टेबल जड बघा. प्रत्येकाने माझ्या फळीचा एकेक तुकडा कापून दाखवला आणि च्यायला, प्रत्येक काप सुतासारखा सरळ! आता निवडायचं तरी कसं?

शेवटच्या दुकानातून परतलो तेव्हा हातात वीतभर लाकूड उरलं होतं. बायकोने ते पाहिलं, घेतलं आणि शेडमध्ये जाऊन जुन्या मशीनच्या एका पायाखाली सरकवलं. मी बटण दाबलं. थरथर गायब.

"आता सरळ कापेल," ती म्हणाली. "काय कापायचं ते तुम्ही बघा."