मागचा पंखा

त्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. तुंगार्लीच्या तळ्यावर मालकांच्या मोटारबोटीला मी एकामागे एक दोन पंखे बसवले होते; ते तपासायला मालकांनी हा सुदुंबऱ्याचा मिस्त्री बोलावला. त्याने बोट दोरीने झाडाला बांधली, मध्ये स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि फळीला कान लावून इंजिन चालू केलं. काट्यावर ओढ किती भरते ते पाहिलं. मग माझा मागचा पंखा काढून पुन्हा ओढ पाहिली. जवळपास तेवढीच भरली.

"पंखा लय झकास घासलाय, भाऊ," तो म्हणाला. "पन मागच्याला पुढच्यानं घुसळल्यालं पानी मिळतं."

कौतुकाने मी जास्तच जळलो. मालकांनी माझ्या नेहमीच्या कपात त्याला चहा दिला. त्याने अर्धा बशीत ओतून बशी माझ्यापुढे सरकवली.

चहा फक्कड झाला होता. तेच सहन झालं नाही.