तळ्याची कुठली पायरी

नाना डावा हात पुढे करायचे तो नेहमी तळवा वर ठेवून, बोटं किंचित पसरून, जणू त्या हातावर कुणी भरलेली परात ठेवणार आहे. पाण्यात तो हात पोराच्या पाठीखाली असायचा आणि वरून त्यांचा आवाज यायचा, "पाय सोर. पानी धरतं." नाना आगरी. 'सोड'ला 'सोर' म्हणायचे.

पाण्याबाहेरही हेच. चाळीत कुणाची दहावीची परीक्षा असो, कुणाला मुलगी बघायला जायचं असो, नाहीतर कुणाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन असो, नाना त्यांच्या दारात उभे राहून हात तसाच पुढे करायचे. "पाय सोर रं. पानी धरतं." ऑपरेशनला निघालेल्या माणसाला यातून काय मिळायचं कोण जाणे, पण तो हसून रिक्षात बसायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, सगळ्या दुखण्यांवर एकच वाक्य देणारा.

ही कळव्याची गोष्ट. नानांच्या आजोबांची खाडीकडे मिठागरं होती. मिठागरं गेली, जमीन राहिली, आणि जमिनीवर आमची चाळ उभी राहिली. नाना मालक, आम्ही बारा बिऱ्हाडं भाडेकरू. पण मालकासारखे ते कधी वागले नाहीत. एका कारखान्यात फिटर होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी चाळीतली सगळी पोरं गोळा करून गावाच्या तळ्यावर न्यायचे. कोण कुठल्या घरचा, कुठल्या जातीचा, हे त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा. दुसऱ्या आठवड्यात तोच डबा अर्धा पाण्याने भरायचा. तिसऱ्या आठवड्यात डबा नाही. झालं शिकून.

पुढे मोठी झालेली ही पोरं त्यांना रस्त्यात भेटत. नाना नावं विसरायचे, पोहणं विसरायचे नाहीत. एकदा एका वाहतूक हवालदाराने त्यांची स्कूटर अडवली. नानांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तू बेडूक. डावा पाय जास्ती मारायचास." हवालदाराने हातातलं पुस्तक बंद केलं आणि भर चौकात वाकून नमस्कार केला. हा किस्सा मला त्यांच्या सुनेने सांगितला, त्यामुळे थोडा मीठमसाला असेल. पण माणूस तसाच होता.

आता माझं सांगतो. नानांकडे पोहायला न शिकलेला त्या चाळीतला मी एकटाच.

मी सात वर्षांचा होतो. मला आठवतं ते असं. सकाळ. तळ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या. माझ्या मानेवर नानांचा हात. तो हात मला खाली दाबतो. नाकात पाणी, डोळ्यांपुढे हिरवा उजेड, कानात घुमणारा आवाज. मग मी वर येतो तेव्हा पायरीवर आई उभी असते आणि ओरडत असते. काय ओरडते ते ऐकू येत नाही. त्यानंतर काही महिन्यांत आम्ही ती खोली सोडून डोंबिवलीला गेलो. आमच्या घरात नानांचं नाव निघालं नाही. मी मनाशी धरून चाललो की त्या सकाळमुळेच आम्ही कळवा सोडलं.

यानंतरचं माझं आयुष्य मी याच सकाळवर उभं केलं, असं म्हटलं तर जास्त होईल. पण फार जास्त नाही. मी आजही बादलीतच अंघोळ करतो. शॉवरखाली चेहरा धरवत नाही. ऑफिसची सहल अलिबागला जाते तेव्हा मी वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला, मोबाइल सांभाळतो. आणि नोकरी? इमारतींच्या बांधकामावर मी सेफ्टी ऑफिसर आहे. कोण कडेला गेलं, कुणाचा पट्टा लावलेला नाही, कुठे कठडा नाही, हे बघणं हेच माझं काम. शीळफाट्यापासून माजिवड्यापर्यंत कितीतरी मजले मी फक्त "मागे हो, मागे हो" ओरडत चढलोय. बायको म्हणते, "तू माझ्याशी नाही, कठड्याशीच लग्न करायला हवं होतंस."

कामात मी चांगला आहे. माझ्या साइटवरून आजवर कुणी पडलं नाही. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात त्या हाताला द्यायचो. त्याने मला बुडवलं म्हणून मी इतरांना वाचवतो, असा हिशेब. छान बसायचा.

तो बिघडवला माझ्या मुलीने. ती दहा वर्षांची. आम्ही माजिवड्याला ज्या सोसायटीत राहतो तिथे पोहण्याचा तलाव आहे, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी त्यात उतरतात. मी दोन वर्षं नाही म्हणत होतो. यंदा ती रडली नाही, रुसली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, कारण सांग. खरं."

मी सांगितलं. "लहानपणी एका माणसाने मला पाण्यात दाबून धरलेलं."

"का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. गावातल्या शंभर पोरांना पोहायला शिकवणारा माणूस एकालाच का बुडवेल?

"तू त्यांना विचारलंस का कधी?" ती म्हणाली.

रविवारी मी कळव्याला गेलो.

चाळीच्या जागी सात मजली इमारत झाली होती. नाना चौथ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं आणि मी कोण ते न विचारताच म्हणाली, "पोहायला होतात का यांच्याकडे? या, या." असे लोक अधूनमधून येत असावेत. तिने सांगितलं, दोन वर्षं झाली, नाना खाली उतरलेले नाहीत. गुडघे गेले, जिने होत नाहीत, आणि लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. "बंद पेटीत मी मेल्यावर जाईन," म्हणतात. शंभर पोरांची भीती घालवणारा माणूस लिफ्टला घाबरतो, हे ऐकून मला बरं वाटलं. का वाटलं, ते सांगता येणार नाही.

नाना खिडकीशी खुर्चीत होते. अंग आटलेलं, पण डावा हात मांडीवर तसाच, तळवा वर. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी ओळख देणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू तो. पोव्हल्याबिगर गेलेला."

"हो."

"माजा एकच गेला तसा. एकच."

मी तयारी करून गेलो होतो. कसं बोलायचं, आवाज कुठे चढवायचा, सगळं. तोंडातून एवढंच आलं, "नाना, तुम्ही मला का बुडवलंत?"

सून हातातला पाण्याचा ग्लास घेऊन जागच्या जागी थांबली. नाना चिडले नाहीत. त्यांनी विचार केला, खरोखर विचार केला, आणि म्हणाले, "मी नाय बुरवला रं. तू माज्या आगोदर उतरलास. मी डबं बांधीत होतो. मागं वळून बगतो तं तू नाय. पान्यात हात घातला, मान गावली. मानेला धरून वर काढला तुना."

"मग आई ओरडत होती ती?"

"तुजी आयस आलेली. पण वराडली नाय. नुसती मना बगीत राहिली. तेच लागलं मना. वराडली असती तं बरं झालं असतं."

"तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पोराच्या मानेवर माजा हात होता. ती काय समजायची ते समजली." मग त्यांचा आवाज उतरला. "आनी खरं सांगू? आता मनाबी नक्की वाटत नाय. दहा पोरा होती. वळताना धक्का लागला असंल माजा. इतकी वर्सां झाली, मी रोज थोरं थोरं आठवतो. रोज वेगलं आठवतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनी ते पाहिलं. "त्या दिवसापासून मी कुनाच्या मानेला हात लावला नाय," ते म्हणाले. "तवापासून हात खालून. पाठीखाली."

इथे माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. कारण पाठीखालचा तो हात मला आठवतो. इतरांच्या पाठीखाली पाहिलेला नव्हे, माझ्या स्वतःच्या पाठीखालचा. मणक्याच्या दोन्ही बाजूंना टेकलेली बोटं, आणि वर आभाळ. मी नानांना तसं सांगितलं.

"मंग तू परत आलेला असशील," ते म्हणाले.

"मी परत कधी पाण्यात उतरलोच नाही, नाना."

"आलेला असशील रं," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "पोरा इसरतात."

तिथून मी सरळ डोंबिवलीला आईकडे गेलो. ती संध्याकाळची वंदना आटोपून भाजी निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, मी तळ्यात बुडालो तेव्हा तू पायरीवर काय ओरडत होतीस?"

"कुठल्या पायरीवर?"

"तळ्याच्या. कळव्याला."

"मी तळ्यावर कधी गेलेच नाही," आई म्हणाली. "माझी पहिली पाळी असायची कंपनीत. घरी आले तर तू ओल्या चड्डीत दारात बसलेला. कुणीतरी आणून सोडलेलं तुला."

"मग आपण खोली का सोडली?"

"तुझ्या बाबांना इकडे नोकरी लागली म्हणून! तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं. मानेवरचा हात, दाबणं, हिरवा उजेड. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ते तुझं नाही," ती म्हणाली. "ते माझ्या भावाचं आहे."

माझा एक मामा लहानपणी गेला, एवढंच मला आठवत होतं. आईने त्या दिवशी पहिल्यांदा सलग सांगितलं. तो बारा वर्षांचा होता, ती नऊ. उन्हाळ्यात आपल्या वस्तीची विहीर आटली म्हणून तो गावातल्या मोठ्या विहिरीत उतरला. ती विहीर आपल्या लोकांसाठी नव्हती. तो परत आला नाही. पाय घसरला, असं गाव म्हणालं. कुणीतरी मानेला धरून दाबला, असं वस्ती म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"नाही रे. मीही ऐकलेलंच. पण मला दिसतं ते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू त्या दिवशी ओला घरी आलास, तेव्हापासून मी तुला रोज झोपताना ते सांगायचे. पाण्याकडे जाऊ नकोस म्हणून. फार सांगितलं का रे मी?"

मी तिचा हात धरला. नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढचे काही दिवस मी साइटवर कठड्यांकडे बघत उभा राहायचो आणि माझ्या लक्षात यायचं की मला काहीच कळत नाहीये. मला कुणी बुडवलं नसेल, तर मी घाबरतो कशाला? भीती मामाची असेल, तर पाठीखालचा हात कुणाचा? नानांच्या पायरीवर उभी असलेली बाई आई नव्हती, तर कोण होती? इतकी वर्षं नाना कुणाच्या नजरेचं ओझं वाहत होते? आणि मी एका माणसाचा इतकी वर्षं मनातल्या मनात राग केला, तो राग आता कुठे ठेवायचा? ऑफिसमध्ये कुणी नाव विचारलं तरी मी क्षणभर थांबायचो.

नानांना मी फोन केला. आई आली नव्हती, हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग ती कोन होती?" आणि थोड्या वेळाने, "मना तलं दाकव एकदा. तितं गेलो का आठवंल."

मी आणि त्यांचा मुलगा, आम्ही त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर नाना मला सूचना देत होते, "कठड्याला धर, कठड्याला." माझा पोटाचा धंदा मलाच शिकवत होते.

तळं बदललेलं. भोवती जाळी, फरसबंद वाट, मधोमध कारंजं, फिरायला आलेली माणसं. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांच्या जागी एकसारख्या सिमेंटच्या पायऱ्या, चारही बाजूंनी. नाना जाळीला धरून बराच वेळ बघत राहिले.

"कुटं रं?" त्यांनी विचारलं. "कुटल्या पायरीवर?"

मी हात वर केला. त्यांनीही केला. मी काठावरच्या एका बाभळीच्या बाजूला दाखवत होतो, ते बरोबर समोरच्या काठाला. आम्ही एकमेकांच्या बोटांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं. नाना इतके हसले की त्यांच्या मुलाला त्यांना सावरावं लागलं. परत चौथ्या मजल्यावर पोचल्यावर दारात माझा हात धरून म्हणाले, "आता ये रं अदनंमदनं. आपन मिलून आठवू."

मी जाणार होतो. दोन रविवार कामाचे निघाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. नाना झोपेतच गेले. त्यांना खाली आणताना लिफ्ट वापरली नाही, हे तिने आवर्जून सांगितलं.

मुलीला मी तलावात उतरायची परवानगी दिली. आठवड्याभरात ती पाण्यावर तरंगायला लागली. मग एका सकाळी, कुणाला न सांगता, मी मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. शेचाळीस वर्षांचा मी, नव्या चड्डीत, लहान मुलांच्या उथळ भागाच्या कडेला उभा. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, गळ्यात शिटी, हातात यादी. त्यांनी सगळ्यांना विचारतात तसा प्रश्न विचारला, "सर, याआधी कधी पाण्यात उतरला आहात?"

हो की नाही, मला ठरवता येईना. मागे रांग होती.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. आणि मला तेव्हा कळलं की ज्यांना विचारायचं, ते आता राहिले नाहीत.