कौसल्याबाईंचा वेढा आणि कंपनीचं पेटंट
कौसल्याबाई तांबे यांची साक्ष मी टाइप केली, तेव्हा मी वकिलांकडे कारकून होतो. पहिल्याच ओळीत मी 'व्यवसाय : घरकाम' लिहिलं. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे खोडा. वाइंडिंग खातं लिहा. चौदा वर्षं कोनवर सूत भरलंय मी."

त्या वरळीच्या बीडीडी चाळीत राहायच्या. ब्याऐंशीच्या गिरणी संपात नवरा-बायको दोघंही घरी बसली. नवरा, सीताराम, पुढे वॉचमन झाला. बाईंना गिरणीनं परत घेतलंच नाही. मग लालबागला ओळखीच्या दत्तारामनं व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं, तिथे त्या साफसफाईला लागल्या.

खेळणाऱ्यांच्या हिसक्यांनी जॉयस्टिकच्या स्प्रिंगा महिनाभरात तुटायच्या आणि दांडा एका बाजूला लोळायचा. एकदा मेकॅनिक चार दिवस फिरकला नाही, म्हणून बाईंनी खोका उलटा करून बघितला. सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापली आणि दांड्याच्या बुडाशी, चार खिळ्यांवरून, फुलीफुलीनं ओढली. गिरणीत कोनवर, म्हणजे निमुळत्या रिळावर, सूत भरतात तशी. चारी बाजूंनी सारखा ताण. दांडा सोडला की आपोआप मध्ये येऊन उभा. दत्तारामनं सगळ्या मशिनांना तेच करून घेतलं.

सात वर्षांनी एका मोठ्या कंपनीनं अशाच रबरी वेढ्याचं पेटंट मिळवलं आणि दादरला टीव्ही गेमचे कंट्रोलर बनवणाऱ्या गंगाधर रेडकरवर दावा लावला. गंगाधरनं तो वेढा दत्तारामच्याच पार्लरमध्ये पाहिला होता. आमचे वकील त्याला म्हणाले, "अर्जाच्या आधी हे लोकांसमोर वापरात होतं, एवढं दाखव. पेटंट टिकणार नाही." म्हणून तो बाईंना शोधत चाळीत गेला.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "बाई, शिक्षण किती?"

"सातवी."

"आणि ही कल्पना तुमची?"

"कल्पना कसली साहेब. दांडा पडत होता, तो उभा केला."

"कुठल्या साली?"

"शहाऐंशी. गणपतीच्या आधी."

"काही कागद आहे?"

"कागद कुठला, साहेब."

पुढच्या तारखेआधी दत्तारामला आठवलं, त्या वर्षी त्यानं गल्लीतल्या गणेश मंडळाच्या स्मरणिकेत पार्लरची जाहिरात दिली होती. मंडळाच्या कपाटात दोन दिवस धुळीत शोधल्यावर आम्हाला तो अंक सापडला. 'दुरुस्ती जागेवरच' या ओळीखाली फोटो होता. स्टुलावर कौसल्याबाई, मांडीवर उलटा खोका, आणि खिळ्यांवरची रबरी फुली अगदी स्वच्छ दिसत होती.

फोटो बघून बाई एवढंच म्हणाल्या, "केस किती काळे होते माझे."

पेटंट रद्द झालं. निकालाच्या दिवशी बाईंनी वकिलांना विचारलं, "मग आता माझ्या नावावर करता येईल ना?"

"नाही बाई. सगळ्यांसमोर वापरलेल्या गोष्टीवर आता कोणालाच पेटंट मिळत नाही. तुम्हालाही."

"म्हणजे लपवलं असतं तर माझं झालं असतं?"

"अर्ज केला असता तर, कदाचित."

"पार्लरमध्ये लपवणार कुठे," असं म्हणून त्या खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटलं होतं.

शेवटी गंगाधर म्हणाला, "मावशी, माझ्याकडे कामाला या. वेढ्याचं सगळं खातं तुम्ही सांभाळा."

"एकटी नाही येणार," बाई म्हणाल्या. "पुतळाबाई आणि जाईबाई, दोघी माझ्याबरोबर वाइंडिंगला होत्या. घरीच बसल्यात. त्यांची बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत."

गंगाधरनं तिघींना घेतलं. कागदांवर सह्या घ्यायला मी दादरच्या त्याच्या गाळ्यात जायचो, तेव्हा पुतळाबाई मोठमोठ्यानं गावाकडच्या गोष्टी सांगत असायच्या आणि जाईबाई न बोलता हसायच्या. कौसल्याबाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "बस रे जरा, चहा टाकलाय."