आयरिश रिंगणातली फुगडी

पुण्याहून धाकट्या दिराचा फोन आला तेव्हा मी ब्राउनश्वाइगच्या आमच्या स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. "वहिनी, आई गेली... झोपेतच," एवढंच तो बोलला. फोडणी जळून घरभर धूर झाला. सासूबाई असत्या तर त्यावरून मला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिल्या नसत्या, हे पहिल्यांदा मनात आलं आणि मग रडू फुटलं.

सासरे गेल्यानंतर आई दर उन्हाळ्यात आमच्याकडे येत. नवरा दिवसभर वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात, नात आजीचं सगळं ऐकून घेऊन उत्तर जर्मनमध्ये देणार, आणि पुण्याला बोलायचं तर कॉलिंग कार्ड खरवडून ते आकडे दाबत बसायचं. बाई कंटाळून जायच्या. म्हणून एका मंगळवारी मी त्यांना माझ्या आयरिश नाचाला घेऊन गेले. शेजारची रेनाटे तो चर्चच्या हॉलमध्ये शिकवायची. चार जोड्यांनी चौकोनात उभं राहायचं, हात बदलत फिरायचं आणि आपल्या जोडीदाराकडे परत यायचं. आई नुसत्या बघायला आल्या होत्या. पण त्या दिवशी एक बाई आली नाही, चौकोन अडला, आणि रेनाटेनं हाक मारताच आई पदर खोचून उभ्याच राहिल्या!

या नाचात 'स्विंग' म्हणून एक गिरकी असते. जोडीदारांनी एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरायचं. धरायची तऱ्हा मात्र गावोगाव वेगळी, कुठे कंबरेला हात, कुठे कोपराला. आईंच्या वाट्याला हाइनरिश आला होता, निवृत्त बसचालक, ताडमाड उंच. त्याचा हात सवयीनं कंबरेकडे गेला आणि आई दोन पावलं मागे सरल्या. "अगं, त्यांना सांग, कंबरेला नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी ते जर्मनमध्ये सांगितलं. रेनाटे शांतपणे म्हणाली, "आल्झो, बरं तर, तुमच्याकडे कसं धरतात ते दाखवा की." मी ते मराठीत सांगितलं. आईंनी हातांची फुली करून हाइनरिशचे पंजे पकडले, चवड्याला चवडे भिडवले आणि थेट मराठीत फर्मावलं, "मागे झुका हो, मी धरलंय!" मग जी फुगडी रंगली... अंबाडा सुटला, हाइनरिशचा चष्मा उडाला, आणि आई खळखळून हसल्या. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

परतताना ट्राममध्ये त्यांनी सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "हे गेल्यापासून मंगळागौरीला मला जेवायला बोलावतात, खेळायला नाही. फुगडीला कुणी हातच देत नाही गं."

"अहो आई, आणि तुम्ही गप्प बसलात?" मी उसळले.

"मग काय, दारात जाऊन हात पसरू?"

आमच्याच घरातल्या त्या बायकांचा मला तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो. आईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. मंगळवार मात्र एकही चुकवला नाही. रेनाटेनं ती पकड सगळ्यांना शिकवली. हॉलमध्ये आईंबरोबर फुगडी घालायला माणसं आपली पाळी यायची वाट बघत. मी मात्र त्यांचा हात धरला की ताठच राहायची, पडायची भीती! "सुनेचा सासूवर विश्वास नाही," त्या सगळ्यांदेखत चिडवायच्या. आमच्यात वाकून नमस्कार करण्यापलीकडे स्पर्शाची सवय नव्हती, हेही खरंच.

गेल्या मंगळवारी मी पुन्हा हॉलवर गेले. त्यांचे कॅनव्हासचे बूट अजून खुंटीखाली होते. नाच सुरू झाला, गिरकी आली. हाइनरिशनं कंबरेला हात लावला नाही. त्यानं हातांची फुली करून माझ्यापुढे धरली आणि त्याच्या त्या जाड जर्मन उच्चारात, पण मराठीतच म्हणाला, "मागे झुका हो... मी धरलंय."

मी झुकले.