तिची ओळ, माझी ओळ

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ठाण्यात तेलाचा घाणा चालवणारे. दर शुक्रवारी दिवा लावताना बायको एका स्तोत्राची पहिली ओळ म्हणायची आणि दुसरी मी. ती गेली नि ते बंद पडलं. माझी ओळ पाठ होती. तिची काही केल्या आठवेना.

मिशनच्या शाळेतले मास्तर घाण्यावर येऊन ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारातली प्रेषितांची पत्रं वाचून दाखवत. कान किटले होते माझे. एकदा त्यांनी एक वाक्य वाचलं आणि माझ्या तोंडून माझी ओळ आपसूक निघाली. त्यांनी वाचली ती तिची होती!

"काका, पुढे तसं नाहीये पत्रात."

"स्तोत्रात आहे. हे आमचं आहे, मास्तर!"

"प्रेषिताने तसं कुठे म्हटलंय?"

"तोही आमच्यातलाच, यहुदी ना! घरच्यांना लिहिताना कशाला सांगेल? त्यांना पुढचं पाठच होतं की!"

मास्तरांनी अर्धा दिवस जुना करार, म्हणजे आमचंच शास्त्र, चाळला. दोन्ही ओळी सापडल्या, तर मलाच अर्थ समजावायला बसले.

"अर्थ राहू द्या हो," मी वैतागलो. "शुक्रवारी दिव्याच्या वेळी या आणि तेवढी तिची ओळ वाचा. मला माझी म्हणायचीय."