संत्र्याच्या सालीचा चहा

नागपूरच्या विमानतळावर आईने मला जवळ घेतलं नाही. बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "शिकून झालं की वापस ये." बाबा ट्रॉली धरून उभे होते. मी "हो" म्हटलं, आणि तेव्हा ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

शिक्षण आयर्लंडमधल्या ॲथलोनला झालं, नोकरीही इथेच लागली. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता इतकी वर्षं गेली, की गेल्या हिवाळ्यात आईच मला न्यायला आली. येताना नागपुरातल्या एका कंपनीत माझी मुलाखतही ठरवून आली होती. मला जायचं नव्हतं. रोज जेवताना तिचं एकच पालुपद, "काहून राहते गं इथं एकटी?" मी एकटी नाही, हे तिला सांगून पटत नव्हतं.

शेजारची मिन्जी कोरियाची. दर हिवाळ्यात आम्ही दोघी फळांच्या साली बारीक चिरून साखरेत मुरवतो. मग तो पाक चमचाभर गरम पाण्यात घातला की झाला चहा. ना पत्ती, ना दूध; त्यामुळे आईच्या लेखी तो चहाच नव्हे. कोरियात त्यासाठी युजा नावाचं लिंबाच्या जातीचं फळ घेतात. ते इथे मिळत नाही, म्हणून आम्ही संत्र्यांवर भागवतो.

त्या रविवारी धुऊन पुसलेली पेटीभर संत्री ओट्यावर ठेवून आम्ही मिन्जीकडे बरण्या आणायला गेलो. नागपूरच्या बाईसमोर संत्री ठेवून जायला नको होतं. परत येतो तर आईने सगळी सोलून ठेवलेली, फोडींवरची पांढरी शीर न् शीर काढलेली, आणि साली ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये, भाजीच्या देठांवर.

चहा सालींचाच असतो हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातानं नासलं गं पोरीचं." मिन्जीने एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "इट्स ग्रँड, आँटी," म्हणजे इथल्या भाषेत, काही बिघडलं नाही. दुकानं बंद झाली होती. मी कोट चढवला आणि गल्लीत दारोदार संत्री मागत फिरले. समोरच्या मॉरीन आजी तर टोपलीतली लिंबं घेऊन माझ्याबरोबरच आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सो धिस इज द मॅमी."

"हिला मी कशी माहीत?" आईने विचारलं.

"मी सांगत असते ना तुझ्याबद्दल."

आईने सुरी मागून घेतली आणि साली चिरायला बसली. मॉरीन आजी तिच्या शेजारी बसून बिया काढत होत्या. दोघींना एकमेकींचं फारसं कळत नव्हतं आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांना फोन लावला. "त्या कंपनीवाल्यांना नाही म्हणून सांगा. आणि पोरीचं कपाट खाली करून घ्या. आता ती सुट्टीतच येणार."

मला हवं होतं तेच झालं होतं, तरी मला रडू आलं.

कुणी विचारलं, आता घर कुठलं, तर मी बेधडक ॲथलोन सांगते. या उन्हाळ्यात नागपूरला गेले, तेव्हा माझी बॅग पाहुण्यांच्या बॅगेसारखी भिंतीशी उभी होती. पण ताट वाढताना काय हवं, काय नको, हे आईने मला विचारलं नाही.