याहून मोठा पडदा

गडचिरोलीत माझ्या मुलाचं जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं. एकदा मी तिथे बसले असताना तेरवीला ठेवायचे फोटो करणारा माणूस आला. लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून मेलेल्याचा चेहरा काढून मोठा करायचा, हा त्याचा धंदा. त्याला स्वस्तातला, मोठ्या पडद्याचा लॅपटॉप हवा होता.

मी दाखवलेल्या लॅपटॉपवर त्यानं एका बाईचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पडदा पुसला, नाक टेकवून पाहिलं.

“धुरकटच दिसून राह्यलं. तुमाले दिसते का, बाई?”

“तिच्या नाकातला खडाही दिसते,” मी म्हटलं. “पडदा चांगला आहे, भाऊ. डोळे गेले तुमचे.”

त्यानं लॅपटॉप हळूच मिटला.

“याहून मोठा नाई ना?”

“नाई.”

तो दाराशी बसला. “सिंदेवाहीची बस आली की सांगजा, बाई. पाटी दिसत नाई मले.”